सात नंबरवर सोमाजी

चिंचोऱ्याच्या वीजकेंद्रातल्या पाच नंबर युनिटनं वीज करणं सोडलं त्याला सहा वर्षं झाली होती. आता ते थंडी करत असे. हिवाळ्यात त्याचीच वाफ भातगिरण्यांना जाई आणि उकडा तांदूळ तयार होई. उन्हाळ्यात त्याच वाफेवर अर्धं गाव निवत असे. वर्धा नदीच्या काठावर जुनी चिमणी अजून उभी होती. तिच्यातून धूर येत नव्हता, एवढाच फरक. पाडायला फार खर्च येतो म्हणून ती राहिली होती, आणि आता तिच्या कड्यांवर गिधाडांनी घरटी केली होती.

पाच जूनला दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी वैजयंती मडावी थंडीच्या पॅनलसमोर बसली होती. बाहेरचा पारा त्रेचाळीसवर होता. तिला त्याची धास्ती नव्हती. या भागातली माणसं सत्तेचाळीस डिग्रीतही लग्नाच्या पंगती उठवतात. तिचं लक्ष दुसऱ्या आकड्याकडे होतं. भिजलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरचा तो आकडा. एरवी मे महिन्यात तो चोविसाच्या आसपास असायचा. आज बत्तीसच्या वर सरकला होता.

हवा कोरडी असली की घाम वाळतो आणि अंग निवतं. कूलरही त्याच तत्त्वावर चालतो. पण पाऊस तोंडावर येऊन अडला, हवेत ओल भरली, की घाम वाळत नाही. मग कूलर नुसता पंखा होऊन बसतो. ओला पारा बत्तीसच्या पुढं गेला की सावलीत बसलेलं म्हातारं माणूस चार-पाच तासांत हातचं जातं, ना उन्हात गेलेलं असतं ना काम केलेलं.

आणि यंत्राचंही तसंच होतं. पाच नंबरच्या जुन्या बॉयलरच्या जागी आता मिठाच्या टाक्या होत्या. दुपारची उरलेली सौर वीज त्या मिठात उष्णता म्हणून साठवायची, मीठ वितळून पाचशे डिग्रीवर जायचं, आणि लागेल तेव्हा त्यावर वाफ करायची. ती वाफ शोषण यंत्रांना जाई. हवा काढून घेतलेल्या टाकीत पाणी पाच डिग्रीलाच उकळतं, आणि उकळताना शेजारच्या नळ्यांतली उष्णता ओढून घेतं. उकळून झालेलं बाष्प लिथियम ब्रोमाइडचं द्रावण अधाशासारखं पिऊन टाकतं. वाफ येते ती त्या द्रावणाला पुन्हा तहान लावायला. नळ्यांतलं पाणी सहा डिग्री होऊन गावात जातं. आगीतून थंडी, असं शाळेतली मुलं सहलीला आली की वैजयंती त्यांना सांगायची. पण ओढून घेतलेली सगळी उष्णता शेवटी हवेत टाकावी लागते, आणि ते काम जुने कूलिंग टॉवर करतात, पाणी वाळवून. हवाच ओली असली की टॉवर दमतो. म्हणजे ज्या दिवशी माणसाला थंडी सगळ्यात जास्त हवी, नेमकी त्याच दिवशी ती कमी निघते.

चाळीस हजार टनांचं यंत्र आज एकोणतीस हजारांवर आलं होतं. एक टन म्हणजे साधारण एका खोलीच्या एसीएवढी थंडी.

सव्वादोनला नागपूरच्या भार नियंत्रणातून कपातीची यादी आली. तीन वाजेपर्यंत कुणाकुणाची थंडी तोडायची, हे यादी खालून वर ठरवत असे. सगळ्यात खाली लिहिलं होतं : शाखा सात. सभागृह. कार्यक्रम नाही. बंद करण्यास योग्य.

वैजयंतीनं ती ओळ दोनदा वाचली.

शाखा सात तिनं स्वतः जोडली होती. केंद्राच्या भिंतीपलीकडे राखमोहल्ला होता. कोळशाच्या काळात राखेच्या तळ्यावर कंत्राटानं राबणाऱ्यांची ती वस्ती. घरं टिनाची, त्यात थंड पाण्याचा पाइप नेला तर थंडी भिंतीतून पळून जाते. म्हणून तिथं एकाच पक्क्या इमारतीला जोडणी दिली, समाज भवनाला. कागदावर ते सभागृह होतं. प्रत्यक्षात मे-जूनमध्ये दहा वाजले की मोहल्ला चटया, पाण्याच्या बाटल्या आणि लेकरं घेऊन तिथं येई, आणि दिवस कलला की घरी जाई. कार्यक्रम म्हणावा तर हाच होता, पण यादीला लग्न, वाढदिवस आणि सभा एवढंच कळत होतं.

तिनं फोन लावला.

"आई, मी ड्यूटीवर आहे," नागपूरहून हिराई म्हणाली. ती भार नियंत्रणात दुपारपाळीची नियंत्रक होती. सत्तावीस वर्षांची, आणि नोकरीला दीड वर्ष झालेलं.

"मीबी ड्यूटीवरच आहे. सात नंबर काहून तोडतेस?"

"मी नाही तोडत. यादी तोडते."

"भवन भरलेलं आहे, बाई. अकरा दिवसांची बाळंतीण आहे त्यात."

"यादीत रिकामं आहे. दुरुस्तीचा अर्ज कर, समिती सोमवारी बसते."

"आज शुक्रवार आहे."

"आई, मला माहीत आहे आज काय आहे ते." हिराईचा आवाज खाली आला. "तू केंद्रात काही करशील आणि इथं माझ्या तोंडावर येईल. मागच्या वर्षी पण असंच केलंस. दरवेळी आजोबांचं नाव पुढं करून तू मोकळी होतेस. मला नोकरी करायची आहे."

वैजयंतीनं फोन ठेवला. मुलीचं खोटं नव्हतं.

तिनं ड्रॉवर उघडलं, आपलं पितळी कुलूप घेतलं आणि लाल कार्ड घेतलं.

चिंचोऱ्यात या कार्डाला सोमाजी म्हणतात. कुणी यंत्राच्या आत शिरला की बाहेर आपल्या नावाचं लाल कार्ड आणि कुलूप लावून शिरतो, आणि ते फक्त त्याच्याच हातानं निघतं. जगभर हा नियम आहे. पण चिंचोऱ्यातला फोरमन नवीन पोराला विचारतो, "सोमाजी लावला का?" आणि पोरगं म्हणतं, "लावला जी." त्यातल्या बहुतेकांना सोमाजी कोण ते ठाऊक नसतं.

सोमाजी कोडापे वैजयंतीचा बाप. चौतीस वर्षांपूर्वी तो कोळशाच्या चक्कीत दुरुस्तीला उतरला होता. वीज कमी पडत होती, वरून फोनवर फोन येत होते. कुणीतरी त्याचं कार्ड काढून ठेवलं आणि चक्की सुरू केली. बटण दाबणाऱ्यानं वाकून पाहिलं होतं, असं चौकशीत निघालं. पण त्यानं अलीकडच्या दारातून पाहिलं. सोमाजी पलीकडच्या बाजूला होता. अनुकंपेवर वैजयंतीला नोकरी मिळाली, बावीसव्या वर्षी. आणि कामगारांनी सतरा दिवस काम बंद ठेवून नियमावलीत एक कलम घालून घेतलं, चौदावं : दुसऱ्याचं कुलूप तोडायची वेळ आलीच, तर यंत्राच्या अलीकडे आणि पलीकडे माणूस नाही, हे केंद्रप्रमुखानं स्वतः डोळ्यांनी पाहून सांगावं, ते ऐकल्यावरच नियंत्रकानं परवानगी द्यावी.

कोळसा गेला, चक्की भंगारात गेली. कलम चौदा राहिलं.

अडीचला ती भिंतीजवळच्या व्हॉल्व्ह चेंबरपाशी पोचली. जमिनीत आठ फूट खोल, सिमेंटची खोली. शिडी उतरून ती आत गेली. शाखा सातचा व्हॉल्व्ह उघडा होता. तिनं त्याच्या चाकात साखळी ओवली, कुलूप घातलं. कुलपाची खबर तारेनं नागपूरला जाते, आणि ते लागताच व्हॉल्व्हची मोटर चाकापासून सुटते. मग नागपूरहून कुणी कितीही बटणं दाबो. कार्डावर नाव, वेळ लिहिली. कारणाच्या रकान्यात पॅकिंग बदलणे असं लिहिणं सोपं होतं, आणि तिथं पॅकिंग गळतही होतं. पण तिनं चौतीस वर्षांत कार्डावर खोटं लिहिलं नव्हतं. तिनं लिहिलं : पलीकडे माणसं आहेत.

मग ती तिथंच पाइपला पाठ टेकून बसली.

पंधरा मिनिटांत वर बुटांचा आवाज झाला. केंद्रप्रमुख स्वप्नील निखाडे चेंबरच्या तोंडाशी उकिडवा बसला. शर्ट पाठीला चिकटलेला. बारा वर्षांपूर्वी शिकाऊ म्हणून आला तेव्हा पहिला सोमाजी त्यानं हिच्या हाताखाली लावला होता.

"ताई, बाहेर या."

"सात नंबर चालू राहते म्हणा. येते."

"तुमच्या रिटायरमेंटला चौदा महिने उरले."

"मले मोजता येते, साहेब."

"मग हेही मोजा. जाणारं पाणी सात डिग्री झालं आहे. नऊ झालं की एकामागून एक मशीन ट्रिप होईल. सरकारी दवाखाना याच पाण्यावर आहे. ऑपरेशन थिएटर, लहान मुलांचा वॉर्ड. त्यांना काय सांगू, आमच्या मडावीताई भोकात बसल्या आहेत?"

हे खरं होतं, आणि तिला टोचलंही. "दवाखाना तोडा असं मी म्हणालेच नाही. सात नंबर फक्त दोनशे टन खातो. तेवढे दुसरीकडून काढा."

"कुठून? बाकी यादी आधीच तोडली. बाजार संकुल गेलं, क्लब गेला, डेटा सेंटर अर्ध्यावर आहे."

"आपली ॲडमिन बिल्डिंग दोनशे दहा टन घेते. तुमची एकट्याची केबिन नऊ."

"ती यादीत नाही."

"काहून नाही?"

"केंद्राचा स्वतःचा वापर आहे तो. पहिल्यापासून नाही."

"यादी कुठं बसून केली होती, आठवते?"

ती यादी ॲडमिन बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर झाली होती, बरोबर वीस डिग्रीत, आणि चहा देणाऱ्यापासून सल्लागारापर्यंत कुणाच्याही मनात आलं नव्हतं की आपण बसलो आहोत तीही एक इमारत आहे. तेव्हा निखाडे नोंदी घ्यायला होता.

"तिथं मुख्यालयाचे तीन साहेब बसले आहेत पाहणीला," तो शेवटी म्हणाला. "त्यांना घामाघूम करू? उद्या माझी खुर्ची राहील?"

"त्यांले भवनात पाठवा. तिथं जागा करू."

भिंतीतल्या छोट्या फाटकातून एक म्हातारी डोकावली. राखमोहल्ल्यातली पार्वताबाई मेश्राम. राखेच्या तळ्यावर तीस वर्षं टोपल्या उचललेली. ती चेंबरपाशी येऊन वाकली.

"अवो वैजू, तू या भोकात काहून बसली?"

"थंडी राखते, आजी."

"जागा असन तं मीबी येतो. आत भवनात पाय ठेवाले जागा नाही." मग निखाडेकडे वळून म्हणाली, "हे साहेब कोण? लाईनीत आहेत का?"

निखाडे उठला आणि चार पावलं दूर जाऊन रेडिओवर बोलू लागला. वैजयंतीच्या खांद्यावरच्या रेडिओत तेच ऐकू येत होतं.

"नागपूर, चिंचोरा प्रमुख निखाडे. शाखा सातवर स्थानिक कुलूप आहे. कलम चौदाखाली तोडायची परवानगी मागतो."

थोडी खरखर. मग हिराईचा आवाज, घरी कधी नसतो इतका सरळ. "नागपूर नियंत्रण. संभाषणाची नोंद होत आहे. कुलूप कोणाच्या नावाचं आहे?"

"वैजयंती मडावी."

रेडिओ गप्प राहिला. दोन सेकंद गेले असतील.

"नोंद घेतली. व्हॉल्व्हच्या अलीकडे माणूस आहे का?"

"एक. चेंबरमध्ये. आम्ही बाहेर काढू."

"पलीकडे?"

"पलीकडे सभागृह आहे. कार्यक्रम नाही."

"मी इमारत विचारली नाही, सर. माणूस विचारला. आपण स्वतः पाहून सांगायचं आहे."

"मॅडम, दोन पन्नास झाले आहेत. पाणी आठला टेकलं आहे."

"मला इथं दिसतं आहे. म्हणून म्हणते, लवकर पाहा. आणि आकडा सांगा. नुसतं आहे-नाही चालत नाही."

निखाडेनं चेंबरकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग होता, आणि रागाखाली आणखी काहीतरी होतं. पार्वताबाई फाटक धरून उभी होती. "या साहेब," ती म्हणाली. "चपला बाहेर काढाव्या लागतीन."

तो गेला.

वैजयंतीच्या डोक्यावर, गावात जाणाऱ्या पाण्याच्या तापमानाचा काटा होता. आठ पूर्णांक एक. ती मुकाट बघत राहिली. यंत्र दमलं की आवाज बदलत नाही, हे तिला माहीत होतं, काटाच बोलतो. आठ पूर्णांक तीन. दवाखान्यातला लहान मुलांचा वॉर्ड तिनं पाहिला होता, तिथली पाइपलाइनही तिच्याच हातची. पलीकडची तीनशे माणसं खरी होती तशी तीही मुलं खरी होती. निखाडेनं ॲडमिन बंद केलं नाही तर कुणी ना कुणी मरणार, आणि तिनं कुलूप धरून ठेवलं तर त्यात तिचा हात असणार. बापाचं कार्ड काढणाऱ्यानंही मनाशी काही हिशोब केलाच असेल.

आठ पूर्णांक पाच. तिनं गळ्यातली किल्ली काढली.

नऊ झाले की उघडायचं, असं तिनं ठरवलं. त्याआधी नाही. किल्ली कुलपात घातली आणि हात तसाच ठेवला. पितळ थंड होतं, तळव्याला मात्र घाम सुटला होता.

आठ पूर्णांक सहा. रेडिओ गप्प.

आठ पूर्णांक सात.

"नागपूर." निखाडेचा आवाज बसल्यासारखा येत होता. मागं लेकरू रडत होतं. "मोजली. आत दोनशे शहाण्णव. सोळा ओट्यावर आहेत, त्यांना आत जागा नाही. आतले वीस-वीस मिनिटांनी उठून त्यांना बसायला देतात." तो थांबला. "एक जण पाटीवर नंबर लिहितो आहे. तीनशे बारा. आणि चेंबरमध्ये एक."

"तीनशे तेरा," हिराई म्हणाली. "नोंद घेतली. परवानगी नाकारली. दोनशे टनांची पर्यायी कपात सांगा, सर. तीन मिनिटं आहेत."

रेडिओवर नुसतं लेकरू ऐकू येत राहिलं.

"ॲडमिन बिल्डिंग," निखाडे म्हणाला. "पूर्ण. माझ्या नावावर."

काटा आठ पूर्णांक आठवर गेला, तिथं घुटमळला, आणि मग मागं सरकला. वैजयंतीनं किल्ली काढून पुन्हा गळ्यात घातली. ती शिडी चढू लागली. परत आलेल्या पार्वताबाईनं वरून हात दिला.

मुख्यालयाचे तीन साहेब सव्वातीनला शर्टाची बटणं सोडून व्हरांड्यात आले, आणि चारला गाडीत बसून निघून गेले. जाताना एकानं निखाडेला विचारलं म्हणतात, की हे असं रोज होतं का. निखाडे म्हणाला, रोज दुसऱ्यांना होतं.

संध्याकाळी हिराईचा फोन आला.

"मला मेमो मिळाला. कलमाचा अतिरेकी अर्थ लावला म्हणून."

"वाईट वाटतं का?"

"फ्रेम करून लावणार आहे." मग ती म्हणाली, "आई, कुलपात किल्ली गेली की मला इथं दिवा दिसतो. दोन त्रेपन्नला लागला होता."

वैजयंतीनं गळ्यातली किल्ली चाचपली.

"तू उघडणार होतीस."

"नऊला. हो."

"मला वाटायचं, तुला नुसतं भांडायचं असतं," हिराई म्हणाली. "दिवा लागल्यावर मी निखाडे सरांना आणखी घाई करू शकत होते, केली नाही. त्यांनी एक जरी माणूस सोडला असता ना, तर सोमवारी समितीनं म्हटलं असतं, आकडा अंदाजे आहे."

"जेवलीस का?" वैजयंतीनं विचारलं.

"आता जेवते."

आठ तारखेला वैजयंतीला निलंबनाचा कागद मिळाला. सुरक्षा साधनाचा गैरवापर. चौकशी होईपर्यंत केंद्राच्या आवारात प्रवेश करण्यास मनाई. माफीचा मसुदा सोबत जोडला होता, सहीची जागा सोडून. तिनं मसुदा परत पाठवला, जागा कोरीच ठेवून. गेटवर तिचा पास घेताना वॉचमननं मान खाली घातली. तिनंच त्याला म्हटलं, "नीट ठेव रे, परत लागणार आहे."

समिती सोमवारी बसली आणि तिनं विषय पुढं ढकलला. पारा हटला नाही. दुपार झाली की भवन भरायचं आणि ॲडमिन बिल्डिंगमध्ये पंखे लागायचे.

अकरा तारखेला मुख्यालयाचं दुसरं पत्र आलं, विशेष दूताच्या हाती. शाखा सातच्या व्हॉल्व्हवर अद्याप तिचं कुलूप व कार्ड आहे. नियमानुसार ते अन्य कोणास काढता येत नाही. कलम चौदाखालील परवानगी, पलीकडे तीनशे बारा माणसांची नोंद असल्यामुळे, मिळू शकत नाही. तरी तिनं चोवीस तासांच्या आत स्वतः उपस्थित राहून ते काढावं.

राखमोहल्ल्याच्या भवनात, ओट्यावर बसून वैजयंतीनं पत्र वाचलं. मग पार्वताबाईला वाचून दाखवलं. दूत बिचारा उन्हातून आला होता; त्याला आत जागा करून दिली, पाणी दिलं. तिनं पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर उत्तर लिहिलं आणि त्याच्याकडे दिलं.

आपल्या आठ तारखेच्या आदेशानुसार मला केंद्राच्या आवारात पाऊल टाकण्यास मनाई आहे. मी नियम मोडत नाही.

दूतानं ते वाचलं, घडी केली, खिशात ठेवलं. उठला मात्र नाही. बाहेर त्रेचाळीस होतं.